मॅडम वॉकर यांच्या डबीत काय होतं आणि डबीबाहेर काय होतं

प्रश्न असा आहे : मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकी उद्योजिकेने केस सरळ करणारा गरम कंगवा शोधून काढला आणि त्या अमेरिकेतल्या स्वबळावर दहा लाख डॉलर कमावणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या, हे कितपत खरं? त्यांच्या केसांच्या मलमात नक्की काय होतं? आणि घरून केसांचं तेल किंवा मलम करून विकू पाहणाऱ्या बाईने त्यांच्याकडून काय घ्यावं?

कंगव्याची गोष्ट आधी मिटवू. गरम कंगवा वॉकरबाईंचा नाही. तापवून वापरायची लोखंडी साधनं एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये होती, आणि वॉकरबाई या धंद्यात येण्याआधीच असे कंगवे अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या कॅटलॉगमध्ये विकायला होते. त्यांनी रुंद दातांचा कंगवा आपल्या पद्धतीत घेतला आणि शिकवला, एवढंच. केस सरळ करणारी बाई ही ओळख त्यांना स्वतःला खटकायची. आपण टाळू निरोगी करतो, केस वाढवतो, असं त्या वार्ताहरांना ठासून सांगत.

दहा लाखांचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. १९१९ साली त्या गेल्या तेव्हा मृत्युलेखांत दहा लाखांचा आकडा झळकला, पण मालमत्ता मोजल्यावर ती साधारण सहा ते सात लाख डॉलरची निघाली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्या स्वतः म्हणाल्या होत्या की मी अजून दहा लाखांची धनी नाही, पण होण्याची आशा आहे. त्या काळात सहा लाखही अवाढव्य होते, आणि ते एका धोबिणीने बारा-तेरा वर्षांत उभे केले होते. तेव्हा आकड्यावर वाद घालण्यापेक्षा ते कसे उभे राहिले, हे पाहण्यात जास्त हशील आहे.

त्यांचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुइझियाना राज्यातलं डेल्टा हे गाव. आईवडील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. भावंडांत स्वतंत्र जन्मलेली ही पहिली. सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न, १८८५ मध्ये मुलगी लेलिया, आणि विशीतच वैधव्य. मग सेंट लुईस. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करत होते. सारा लोकांचे कपडे धुऊ लागली. दिवसभर गरम पाणी, काळी कॉस्टिकची साबणं, हात सोललेले, आणि पूर्ण दिवसाचे जेमतेम दीड डॉलर. त्यातून तिने लेलियाला शाळेत घातलं. आणि त्याच वर्षांत तिचे केस गळू लागले.

हे केस का गळत होते, हे नीट समजलं तर पुढचं सगळं उलगडतं. त्या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांत नळ नव्हते. थंडीत डोकं धुणं महिन्यातून एकदा, कधी त्याहूनही कमी. धुवायचं ते कॉस्टिकच्या साबणाने, म्हणजे प्रचंड क्षारयुक्त. वर केस मऊ राहावेत म्हणून प्राण्यांची चरबी चोपडायची. दोऱ्याने केस घट्ट गुंडाळायचे. जेवण निकस. अशा टाळूवर तेलकट खपल्या धरतात, खाज सुटते, नखांनी जखमा होतात आणि केस मुळाशी तुटतात. आज त्वचारोगतज्ज्ञ याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. टाळूवरची एक बुरशी तेलावर पोसते आणि सूज धरून ठेवते. घट्ट बांधण्यामुळे कपाळाच्या कडेचे केस जातात, तो आणखी वेगळा प्रकार.

यावर गंधक चालतं, हे सगळ्या जगाला माहीत होतं. आपल्याकडे गंधकाचं मलम खरजेवर पिढ्यान् पिढ्या लावत आलेत. युरोप-अमेरिकेतल्या औषधी ग्रंथांतही ते होतंच. गंधक खपली सैल करतं आणि बुरशीला आवर घालतं. सेंट लुईसमध्ये अ‍ॅनी टर्नबो, पुढे मेलोन, या बाई ‘पोरो’ नावाने केसांची उत्पादनं घरोघर विकत होत्या आणि सारा त्यांची विक्रेती झाली. हा दुवा अनेक चरित्रपर लेखांत गाळला जातो आणि ते मेलोनबाईंवर अन्याय करणारं आहे. दारोदार जाऊन बायकांच्या डोक्यावर प्रयोग करून दाखवणं, त्यांच्यातूनच विक्रेत्या तयार करणं, हे मेलोनबाई आधीपासून करत होत्या. मूळ कल्पना तिथली आहे.

१९०५ च्या जुलैत सारा डेन्व्हरला गेली. स्वयंपाकीण म्हणून काम करत ती पोरो विकत होती. जानेवारी १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर या वृत्तपत्रांच्या जाहिरातींत मुरलेल्या माणसाशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी ‘मॅडम वॉकर्स वंडरफुल हेअर ग्रोअर’ बाजारात आलं. मेलोनबाईंनी नकलांपासून सावध राहा असं वृत्तपत्रांतून बजावलं आणि आपलं पोरो हे नाव नोंदवून घेतलं. वॉकरबाईंचं म्हणणं, हा नुस्खा मला स्वप्नात एका माणसाने सांगितला. जाहिरात म्हणून ते चांगलं होतं; डबीतले घटक मात्र कुठल्याही औषधविक्रेत्याकडे मिळणारे होते.

घटक असे : पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचं मेण, खोबरेल, गंधकाची बारीक भुकटी, थोडं मोरचूद, कार्बोलिक अ‍ॅसिड, आणि गंधकाचा वास झाकायला व्हायोलेट फुलांचा सुगंध. पहिली तीन म्हणजे मलमाचा पाया, गंधक म्हणजे औषध. मोरचूद आणि कार्बोलिक त्या काळाच्या जंतुनाशक समजुतीतून आले. ते दोन्ही आज मलमात घालू नयेत. मोरचूद तेलात विरघळतच नाही, त्याचे कण टाळूला टोचतात आणि जळजळ करतात. कार्बोलिक अ‍ॅसिड, म्हणजे फिनॉल, त्वचेतून अंगात शिरतं आणि जरा प्रमाण चुकलं तर कातडी भाजतं.

या जातीचं मलम कसं वागतं ते समजून घ्यायचं तर शंभर ग्रॅमचा साधा हिशोब धरा : पेट्रोलियम जेली ७० ग्रॅम, मेण १०, खोबरेल १५, गंधक ५. गंधकाचं प्रमाण सहज म्हणून वाढवू नका. कोंड्यासाठी अमेरिकेतल्या आजच्या नियमांत ते २ ते ५ टक्के आहे. त्यापलीकडे गेलं की टाळू कोरडी पडून सोलते.

गंधक सगळ्यात आधी खलात घ्या आणि पंधरातलं पाच ग्रॅम खोबरेल घालून गुठळी राहणार नाही इतकं घोटा. थेट वितळलेल्या मेणात भुकटी टाकली की ती गोळ्या धरते आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मेण वितळवा. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, म्हणून मिश्रण ७०-७५ पर्यंत नेलं की पुरे. थेट जाळावर नको. तांब्या-पितळेचं भांडं गंधकाने काळं पडतं, ते वापरू नका. मेण पूर्ण पातळ झालं की जेली आणि उरलेलं खोबरेल घाला. जेली थंड असते, ती पडताच मेणाचे कण परत गोठतात. ते सगळे विरघळेपर्यंत थांबा, नाहीतर मलम रवाळ होतं. मग खाली उतरवून ढवळत राहा. पन्नास अंशांच्या आसपास घोटलेलं गंधक, पंचेचाळीसला सुगंध. सुगंध आधी घातला तर उडून जातो.

खरी चूक होते ती ओतताना. गंधक तेलाच्या दुपटीहून जड आहे. मलम कडक गरम असताना डब्यांत ओतलं तर गंधक तळाशी बसतं : वरून डबी पांढुरकी, खालून पिवळी. गिऱ्हाईक पहिला महिना नुसती जेली लावतं आणि उपयोग होत नाही म्हणून कुरकुरतं, शेवटच्या आठवड्यात डोक्यावर आग होते. म्हणून मिश्रण दाट व्हायला लागलं, पण अजून वाहतंय, अशा नेमक्या वेळी ओतायचं आणि शेवटची डबी भरेपर्यंत हात थांबवायचा नाही. एक तुकडी झाली की पहिली, मधली आणि शेवटची डबी उभी कापून रंग पाहा. तिन्ही सारख्या दिसल्या तरच ती तुकडी विकायची. उन्हाळ्यात मलम पातळ झालं तर एक-दोन ग्रॅम मेण वाढवा आणि तेवढी जेली कमी करा. खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे आपल्या हवेत त्याच्यावर घट्टपणासाठी विसंबता येत नाही.

मग केस वाढायचे का? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि मलमाने त्यांचा वेग वाढत नाही. सूज गेली, खाज थांबली, केस मुळाशी तुटायचे थांबले की तीन ते सहा महिन्यांत लांबी दिसायला लागते. ज्या बाईने दहा वर्षं केस खांद्याच्या वर पाहिलेले नाहीत, तिला हा चमत्कारच वाटणार. जिथे ओढ बसून किंवा व्रण पडून मूळच मेलं आहे, तिथे या मलमाचं काही चालत नाही.

आणि मलमाहून मोठं काम धुण्याचं होतं. वॉकरबाईंच्या पद्धतीत मलम ही दुसरी पायरी. आधी त्यांच्या वनस्पतिजन्य शांपूने नियमित डोकं धुवायचं, मग टाळूला मलम चोळायचं, भरपूर ब्रश फिरवायचा, आणि शेवटी ‘ग्लॉसीन’ हे हलकं तेल लावून तापलेला कंगवा. महिन्यातून एकदा धुणाऱ्या बाईला सारखं धुवायला लावलं, यातच निम्मं यश आहे. एखादी डबी विकत घेऊन न धुतलेल्या डोक्यावर मलमाचे थर देत राहिली असती तर जुन्या चरबीच्या जागी नवी चरबी, एवढाच फरक पडला असता. म्हणूनच नुसती डबी टपालाने पाठवणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. हात लावून शिकवणारी बाई हवी होती.

कंगव्याचं तंत्रही शिकवावंच लागतं. उष्णतेने केसातले हायड्रोजनचे बंध तात्पुरते सुटतात आणि केस सरळ दिसतो; ओल लागली की पुन्हा मूळचा. केस ओलसर असताना गरम कंगवा फिरवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस फुटतो. कंगवा आधी पांढऱ्या कागदावर दाबून पाहायचा. कागद पिवळा पडला तर तो फार तापलाय. दात टाळूला टेकू द्यायचे नाहीत, आणि त्याच बटेवरून पुन्हा पुन्हा जायचं नाही. तेल जास्त झालं तर ते तापून टाळूवर ओघळतं आणि भाजतं.

इथून पुढे वॉकरबाईंचं स्वतःचं म्हणावं असं कर्तृत्व सुरू होतं. डेन्व्हरचा बाजार लहान होता. त्या आणि नवरा दक्षिणेकडे फिरायला निघाले, आणि लेलिया टपालाची मागणी पुरवायला मागे राहिली. प्रत्येक गावात क्रम तोच. आधी चर्चच्या पाद्रीला किंवा भगिनीमंडळाला भेटायचं, चर्चच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी फुकट प्रात्यक्षिक, मग शिकवणी, त्यातून एक-दोन हुशार बायका विक्रेत्या म्हणून नेमायच्या, पैसे आगाऊ घेऊन मागणी नोंदवायची आणि पुढचं गाव. चर्च निवडण्यामागे साधा व्यवहार होता. अनोळखी बाईने दार ठोठावलं तर शंका येते; पाद्रीने ओळख करून दिली की सगळी मंडळी ऐकतात. डबीवर आणि जाहिरातीत त्यांनी स्वतःचे केसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो छापले, कुणा गोऱ्या मॉडेलचे नाही. पुढे लेलियाने दत्तक घेतलेल्या मे या मुलीच्या लांबसडक वेण्या प्रात्यक्षिकात दाखवल्या जात.

१९०८ मध्ये पिट्सबर्गला ‘लेलिया कॉलेज’ हे ही पद्धत शिकवणारं विद्यालय निघालं. टपालाने शिकण्याची सोयही होती. १९१० मध्ये बस्तान इंडियानापोलिसला हलवलं, कारण तिथे रेल्वेच्या वाटा चहूकडून मिळत होत्या आणि टपालाने चालणाऱ्या धंद्याला तेच हवं होतं. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रंही तिथे जोरात होती. घर घेतलं आणि तिथेच कारखाना, सलून, शिकवणीची खोली उभी केली. १९११ मध्ये कंपनी रीतसर नोंदवली, सगळे भाग त्यांच्या एकटीच्या नावावर. १९१२ मध्ये वॉकर यांच्याशी घटस्फोट झाला, पण नाव त्यांनी सोडलं नाही. ते आता व्यापारचिन्ह होतं.

नेमणुका करण्यात त्या फार नेमक्या होत्या. फ्रीमन रॅन्सम हे तरुण वकील व्यवस्थापक, अ‍ॅलिस केली या पूर्वीच्या शिक्षिका कारखान्याच्या प्रमुख. केलीबाईंकडून वॉकरबाईंनी पत्रलेखन आणि चारचौघांत बोलायचं वळण शिकून घेतलं. शाळा त्यांच्या नशिबी जवळजवळ आलीच नव्हती. रॅन्सम खर्चाला लगाम घालायचे, त्या तो झुगारायच्या, आणि तरी प्रत्येक मोठा करार त्यांच्या नजरेखालून जायचा. ही पत्रं इंडियाना ऐतिहासिक संस्थेत जपलेली आहेत आणि या धंद्याचा खरा अभ्यास करायचा असेल तर तीच वाचावीत.

१९१२ मध्ये शिकागोला निग्रो बिझनेस लीग या कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. त्या काळचे मोठे कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन अध्यक्ष. त्यांनी वॉकरबाईंना बोलायला दिलं नाही; एका वृत्तपत्राच्या मालकाने त्यांची शिफारस केली तरीही नाही. शेवटच्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्याच. आशय असा : मी दक्षिणेच्या कापसाच्या शेतातून आले, तिथून धुण्याच्या टबाकडे बढती मिळाली, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून केसांची उत्पादनं करण्याच्या धंद्यात मी स्वतःच स्वतःला बढती दिली, माझ्या जमिनीवर माझा कारखाना मी बांधला आहे. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

विक्रेत्यांच्या रचनेत त्यांनी जे तीन-चार खिळे ठोकले, ते आजही कुणी घरगुती उत्पादनांचं जाळं उभारताना तपासावेत. पहिला : शिकल्याशिवाय विक्री नाही. विक्रेती प्रमाणपत्र घेऊनच काम करायची, त्यामुळे चुकीच्या वापराने कंपनीचं नाव जायचा धोका कमी झाला. दुसरा : गणवेश आणि स्वच्छता. पांढरा ब्लाऊज, लांब काळा स्कर्ट, हातात पेटी. ज्या बाईला गोऱ्यांच्या घरी नावानेच हाक मारायचे, ती आता चारचौघींत धंदेवाईक म्हणून उभी राहायची. तिसरा : उत्पन्न दोन वाटांनी. डबी विकून मिळणारी दलाली आणि केस करून देण्याची मजुरी. नुसत्या डबीवर बाई तगत नाही, कारण डबी दोन महिने पुरते. केस मात्र दर पंधरवड्याला करायचे असतात. त्या फेरीत पुढची डबीही विकली जाते.

चौथा खिळा सगळ्यात भक्कम. १९१६ च्या सुमारास त्यांनी विक्रेत्यांची गावोगाव मंडळं बांधली. छोटी वर्गणी, आणि सदस्य वारली तर घरच्यांना मदत. १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला दोनशेहून अधिक जणींचं पहिलं अधिवेशन झालं. बक्षिसं नुसत्या विक्रीला नव्हती; आपल्या गावात दानधर्म करणाऱ्या मंडळांनाही होती. त्याच अधिवेशनातून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार गेली : ईस्ट सेंट लुईसच्या दंगलीत झाल्या तशा कृष्णवर्णीयांच्या हत्या पुन्हा होऊ नयेत म्हणून संघराज्याने कायदा करावा. केसांची उत्पादनं विकणाऱ्या बायकांचं संमेलन झुंडबळींविरुद्ध ठराव करत होतं. कंपनी शेवटी वीस हजार विक्रेत्या असल्याचं सांगत असे.

बहुस्तरीय साखळी विक्रीशी याची गल्लत करू नका. इथे पैसा माणसं जोडून नव्हे, डबी आणि कामातून यायचा. तुमच्या जाळ्यात नवी बाई आणण्याचं कमिशन विक्रीच्या कमिशनहून जास्त असेल, तर ते वॉकरबाईंचं प्रारूप नाही, आणि भारतात २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार पिरॅमिड योजनेला बंदी आहे.

एक गोष्ट भारतीय वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. वॉकरबाई असेपर्यंत कंपनीने रंग उजळवण्याचं क्रीम काढलं नाही. ‘टॅन-ऑफ’ त्यांच्या मृत्यूनंतर आलं. ज्या बाजारात ते सहज खपलं असतं, तिथे त्या ते काढत नव्हत्या. हा निर्णय मला त्यांच्या देणग्यांइतकाच मोठा वाटतो. देणग्याही कमी नव्हत्या : इंडियानापोलिसच्या वायएमसीए इमारतीला एक हजार डॉलर, टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, आणि १९१९ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या झुंडबळीविरोधी निधीला पाच हजार डॉलर.

हडसन नदीकाठी अर्व्हिंग्टनला व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने बांधलेल्या व्हिला लेवारो या बंगल्यात त्या जेमतेम वर्षभर राहिल्या. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार होता, डॉक्टर विश्रांती सांगत होते आणि त्या दौरे करत होत्या. २५ मे १९१९ रोजी, ५१ व्या वर्षी, त्या तिथेच गेल्या. कंपनी लेलियाकडे गेली. पुढच्या नफ्याचा दोन तृतीयांश भाग दानधर्माला जावा, असं मृत्युपत्रात होतं.

आता तुमच्या घरच्या मलमाबद्दल. ‘हेअर ग्रोअर’ हे नाव १९०६ मध्ये चाललं; महाराष्ट्रात आज त्यावरून नोटीस येईल. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला २०२० च्या नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःचा कारखाना असेल तर सीओएस-८ या नमुन्यातला, दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात करून घेत असाल तर लोन लायसन्स म्हणजे सीओएस-९. छोट्या सुरुवातीला लोन लायसन्स बहुधा स्वस्त पडतं, कारण जागा, तंत्रज्ञ आणि तपासणीची सोय तिथे आधीच असते. टक्कल बरं करतो, नवे केस उगवतो, असा दावा छापला की माल औषधाच्या कायद्यात जातो, आणि औषधांना असे दावे करायलाही औषध नियमांतली अनुसूची ‘जे’ मनाई करते. लेबलवर ‘केस विंचरताना मऊ राहतात’, ‘टाळूला तेल मिळतं’ असं लिहा. गंधक घालून कोंड्याचा दावा करायचा असेल तर तो परवाना कुठल्या खात्यात येतो, हे अर्ज भरण्याआधी प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या; तुकडी तयार झाल्यावर विचारलं तर डब्या आणि छापील लेबलं दोन्ही वाया जातात.